पायरीवरचं पावणं

१

निशाचा दिवस रागानं सुरू व्हायचा. सकाळी सहाला नळ आला की पहिली घागर स्वयंपाकघरात आणि दुसरी दाराबाहेर, पायरीवरच्या माठात, हा वडिलांनी घालून दिलेला नियम. आईला धरून बसवायचं, तोंड धुवायचं, चहा पाजायचा, कामाला बसायची घाई, आणि त्यात रस्त्यावरच्या कुणाच्या तरी नरड्यासाठी ही घागर. ती उचलायची, पण तोंडानं पुटपुटत उचलायची.

वडील यल्लाप्पा पाणीखात्यात होते. खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून पस्तीस वर्षं त्यांनी राजारामपुरीतले व्हॉल्व्ह फिरवले. पाण्याच्या बाबतीत माणूस हट्टी. माठावर झाकण, झाकणावर स्टीलचा ग्लास. कुणीही यावं, आपल्या हातानं ग्लास बुडवावा आणि प्यावं. वरनं कुणाच्या ओंजळीत वतायचं न्हाई, असा त्यांचा दंडक. निशा सात वर्षांची असताना भांडी विकणारी एक बाई पायरीशी ओंजळ धरून उभी राहिली, तेव्हा निशानं मोठ्या हौसेनं तांब्यातनं धार धरली होती. वडिलांनी तिच्या कानाखाली जन्मात एकदाच काढली, ती त्या दिवशी. का, ते सांगितलं नाही. काही गोष्टी त्या घरात सांगायची गरज नव्हती.

कोरोनात शाळा मोबाइलवर आल्या आणि गल्लीतली पोरं नेटसाठी दारोदार फिरायला लागली. यल्लाप्पांनी एका संध्याकाळी घरातल्या वाय-फायचा पासवर्डच काढून टाकला आणि नेटवर्कला नाव दिलं, 'या बसा'. "शिकणाऱ्याला कुलूप दाखवायचं व्हय?" म्हणाले. पोरं पायरीवर ओळीनं बसून शिकली. पुढं पोरं मोठी झाली, दोन वर्षांपूर्वी वडील गेले, पण नेटवर्क तसंच सताड उघडं राहिलं. आता पायरीवर रिक्षावाले आणि क्लासला दांडी मारलेले टोणगे बसायचे. पाणी आमचं, नेट आमचं, वर पायरीवर पिचकाऱ्या त्यांच्या. निशाचं डोकं तिथंच फिरायचं.

सोमवारी सकाळी पुण्याहून फोन आला. निशा घरी बसून दवाखान्यांचे रिपोर्ट टाइप करायची. तिच्या कंपनीतली वरची बाई, राजनंदिनी, बोलायला गोड आणि ऐकायला कठीण होती.

"निशाताई, तुमचं नेटवर्क ओपन आहे. पेशंटची माहिती अशी उघड्यावर चालत नाही. शुक्रवारी अकरा वाजता तपासणी आहे. नेटवर्क बंदिस्त हवं, आणि त्यावर तुमच्या लॅपटॉपशिवाय दुसरं काही दिसता कामा नये. नाही जमलं तर पुण्याला ऑफिसात येऊन काम करावं लागेल."

पुणं. आई, पारूबाई, खुबा मोडून आठ महिने पुढच्या खोलीत खिडकीशेजारच्या कॉटवर पडून होती. तिला उठवायला, बसवायला, कूस बदलायला दुसरं माणूस नव्हतं. निशा पुण्याला गेली तर आई कुठल्यातरी आश्रमातल्या रांगेत एका कॉटवर जाणार, एवढा साधा हिशोब होता. निशानं फोन ठेवला आणि खिडकीतनं पायरीवरच्या चार डोक्यांकडं बघितलं. त्या चौघांच्या फुकट सिनेमापायी तिची आई घराबाहेर जाणार होती.

२

दुपारी श्रीशैल आला. केबलवाला, गडहिंग्लजकडचा, चाळिशीचा, मऊ बोलणारा. आतल्या खोलीतल्या टेबलावर राउटर होता आणि त्याच्या शेजारी निशाचा लॅपटॉप. श्रीशैलनं राउटरचं पान उघडलं आणि बोट ठेवून दाखवायला लागला.

"हे बघा अक्का, इथं पर्याय हाईत. 'ओपन' म्हंजे आत्ता हाय तसं. ह्ये डब्ल्यूईपी, लई जुनं, असून नसल्यागत. ह्ये डब्ल्यूपीए टू, चांगलं हाय. आन् ह्ये थ्री, सगळ्यात घट्ट. पण जुनं मशीन असलं की थ्रीला रुसतंय. तुमचा लॅपटॉप जुना हाय. आपण टू करूया."

"ह्यानं होतं काय नेमकं?"

"हवेतनं जातंय ते सगळं गुंडाळून जातंय. ज्याच्याकडं किल्ली, त्योच सोडवणार. बाकीच्यास्नी नुसता कचरा दिसतोय." त्यानं लॅपटॉप तिच्याकडं सरकवला. "पासवर्ड तुमीच टाका. मला बी सांगू नका."

निशानं एक अस्सल शिवी टाकली आणि तिच्या शेपटीला सहा आकडे लावले. मग सेव्ह दाबलं. राउटरचे दिवे विझले, परत लागले. बाहेर पायरीवर चारी डोकी वर झाली.

"निशाताई, नेट गेलं की," एकजण ओरडला.

"गेलं न्हाई, घालवलं," निशा खिडकीतनं म्हणाली. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

श्रीशैलनं जोडलेल्या यंत्रांची यादी काढली. पहिली ओळ तिच्या लॅपटॉपची. खाली आणखी एक ओळ होती. नावाची जागा कोरी. यंत्राचा नंबर असतो तिथं सगळी शून्यं. किती डेटा वापरला, त्यापुढंही शून्य.

"हे कुणाचं?"

"आमच्या आईचा फोन असंल."

आईचा फोन तर बटणाचा होता. श्रीशैलनं तो हातात घेऊन बघितला आणि परत जागेवर ठेवला. त्यानं ती ओळ ब्लॉक केली. ओळ गेली. त्यानं पान ताजं केलं. ओळ आली.

"ह्यो आकडा बघा, उणे ऐंशी," तो म्हणाला. "ही सिग्नलची ताकद. आकडा शून्याकडं जाईल तसं यंत्र जवळ. माझा मोबाइल घ्या, आपण मोजूया."

दोघं घरभर आणि घराबाहेर मोजत फिरले. गल्लीच्या तोंडाशी उणे ऐंशी. पायरीवर उणे सत्तर. उंबऱ्यात साठ. आईच्या कॉटशी पन्नास. टेबलाशी तीस. निशानं ते आकडे पेन्सिलीनं टेबलावरच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या कडेला लिहून ठेवले.

"म्हंजे गल्लीच्या तोंडाशी कोणतरी हाय," ती म्हणाली. "आलो बघून."

गल्लीच्या तोंडाशी विजेचा खांब होता आणि खांबाला टेकवलेली कुणाची तरी पंक्चर सायकल. ऊन रखरखीत. कुत्रंसुद्धा नव्हतं.

ती परतली तेव्हा श्रीशैल पिशवी आवरून उभा होता. "अक्का, एक इचारू? चोर नेट चोरतोय ते काहीतरी घ्यायला. ह्यो घेत काहीच न्हाई. नुसता जोडून बसलाय." मग जाता जाता म्हणाला, "पासवर्ड बदलत ऱ्हावा."

३

मंगळवारी निशानं पासवर्ड दोनदा बदलला. आधीपेक्षा मोठी शिवी, जास्त आकडे. प्रत्येक वेळी ती कोरी ओळ अर्ध्या तासासाठी जायची आणि परत यायची. दुपारी दोनला ती आली तेव्हा आकडा उणे सत्तर होता.

निशानं भिंतीवर बघितलं. पायरी.

ती चप्पलही न घालता बाहेर गेली. पायरी रिकामी होती. माठावर झाकण नीट, झाकणावर ग्लास पालथा. ग्लास कोरडा होता. कालपासून नेट बंद म्हटल्यावर टोणगे फिरकलेच नव्हते, पाणी प्यायलाही नाहीत. म्हणजे यांना तहान कधी नव्हतीच. तिला परत राग आला.

आत आली तर आई खिडकीतनं बाहेर बघत होती.

"पायरीवर पावणं बसल्यात," पारूबाई म्हणाली. "पाणी दे जा."

"कोण न्हाई तिथं."

"बसल्यात की."

"माठ भरून ठेवलाय. हातानं घिऊन पितील की मग. हात मोडल्यात व्हय त्यांचं?"

"ती घेत न्हाईत," आई म्हणाली. "बसल्यात नुसती."

निशा कॉटच्या कडेला बसली. तिच्या डोक्यात एक विचार आला आणि तो एवढा सोयीचा होता की तिनं तो घट्ट धरला. आई. ही बाई पायरीवर कोण आलं की खिडकीतनं गप्पा मारते. नवऱ्याचा नियम हिच्या हाडात मुरलाय. हिनंच कुणाला तरी पासवर्ड सांगितला असणार.

"आई, खरं सांग. तू कुणाला काय सांगालीस?"

"मी काय सांगणार गं?"

"पासवर्ड."

पारूबाईनं तिच्याकडं बघितलं. तिला पासवर्ड माहीत नव्हता, आणि माहीत असता तरी तो तिच्या तोंडून निघणं अवघड होतं. निशालाही हे कळत होतं. पण राग एकदा चढला की तो उतरायला कुणाचं तरी डोकं लागतं. तिनं आईला नको नको ते ऐकवलं. तुझ्यासाठी मी लग्न केलं न्हाई, तुझ्यासाठी पुणं सोडलं, आणि तू मला रस्त्यावर आणणार. 

मग निशानं श्रीशैललाही फोन लावला. दोनदा बदलूनही ओळ परत येते, पासवर्ड टाकताना तो शेजारीच उभा होता, नजर गेली असेल, असं तिनं सुनावलं. 

"कालपासून दोनदा बदललासा न्हवं अक्का?" तो म्हणाला. "त्यो मी कुठं बघितलोय?"

त्याचं बरोबर होतं. म्हणूनच तिला त्याचाही राग आला.

४

बुधवारी सकाळी तिनं श्रीशैलला न विचारता पर्याय बदलला. टू सोडून थ्री, सगळ्यात घट्ट. लॅपटॉप रुसला नाही. मग तिनं नेटवर्कचं नावच लपवलं, म्हणजे 'या बसा' आता कुणाच्याच मोबाइलवर दिसणार नव्हतं. आणि शेवटी यादी लावली की फक्त या एकाच लॅपटॉपला आत घ्यायचं, बाकी सगळ्या जगाला मज्जाव.

ओळ गेली. तिनं पान दहा वेळा ताजं केलं. एकच यंत्र, तिचं. दोन तास ती खाली मान घालून रिपोर्ट टाइप करत होती आणि मध्येच स्वतःशी हसत होती.

मग तिला वाटलं, एक काम राहिलंय.

ती बाहेर गेली, माठ उचलला आणि पाणी जास्वंदीच्या बुडात ओतून टाकलं. माठ स्वयंपाकघरात नेऊन पालथा घातला. ग्लास फळीवर. पायरीवर माठाचा ओला गोल उरला. तीस वर्षांत ती जागा पहिल्यांदा मोकळी दिसत होती. तिनं दार लावलं, वरची कडी घातली, खालचा अडसर घातला.

"माठ का आणलास आत?" आईनं विचारलं.

"बास झालं. पाणपोई बंद. शुक्रवार झाला की बघू."

पारूबाईनं भिंतीकडं तोंड केलं. जेवायच्या वेळी निशानं ताट आणलं तेव्हा आईनं भाकरी खाल्ली, पण पाण्याचा तांब्या हातानं बाजूला सारला.

"त्यास्नी न्हाई तर मला बी नगं."

"आई, नाटकं करू नकोस."

"नगं म्हटलं की."

निशानं तांब्या आदळला. पाणी फरशीवर सांडलं. ते पुसायला वाकली तेव्हा तिला दारावर आवाज ऐकू आला. ठोठावणं नव्हतं ते. कुणीतरी दाराला पाठ लावून खाली बसावं, तसा लाकडाचा बारीक करकर आवाज. उन्हानं लाकूड तडतडतं, तिनं स्वतःला सांगितलं. सागवानी दार, एप्रिलचं ऊन, तडतडणारच.

ती आत गेली आणि पान ताजं केलं. कोरी ओळ, शून्यं, उणे साठ. भिंतीवरच्या पेन्सिलीनं उंबरा म्हटलं.

५

गुरुवारी दुपारपर्यंत निशानं पासवर्ड सात वेळा बदलला. तिच्या शिव्या संपल्या. कोल्हापुरात जन्मून शिव्या संपाव्यात, याची तिला लाज वाटली. शेवटी ती नुसती बोटं आपटून काहीही अक्षरं टाकत होती, जी तिलाही नंतर वाचता येत नव्हती, कागदावर उतरून घ्यावी लागत होती. तरी ती ओळ येत होती. उणे साठ. पुढं नाही, मागं नाही.

आईनं काल दुपारपासून पाणी घेतलं नव्हतं. ओठ पांढरे पडले होते. जीभ टाळूला चिकटून बोलताना आवाज यायचा. निशानं चमचा लावला तर तोंड घट्ट मिटायची. निशानं हात जोडले, रडून बघितलं, शेवटी संतापून म्हणाली, "मर मग तहानेनं."  आपल्या घरात, वडिलांच्या या घरात, हे वाक्य आपल्या तोंडून निघालं. तिला स्वतःचीच किळस आली. पण किळस धरून किती वेळ बसणार. तिनं ती उचलून दाराकडं फेकली.

ती दारापाशी गेली. लाकडाला कान लावला. पलीकडं काहीच नव्हतं, श्वासही नाही. पण मोकळ्या जागेचा एक आवाज असतो, तोही नव्हता.

"कोण हाईस तू?" ती दाराला म्हणाली. "चार दिस झालं माझ्या जिवावर उठलाईस. माझी नोकरी चालली, आई पाणी पिईना झाली. काय पायजे तुला? तोंड हाय न्हवं, मागायला काय होतंय?"

 रस्त्यावरनं बस गेली, खिडकीची काच थरथरली.

"मुकाट बसून काय ऱ्हातोस? एवढीच तहान असंल तर ये की आत. ये आत आन् घे काय पायजे ते."

हे ती रागानं म्हणाली. कोल्हापुरात भांडताना माणूस असंच बोलतो, ये की पुढं, दाखव की. त्याचा अर्थ ये असा नसतो. हे इथल्या माणसाला कळतं.

दाराचा करकर आवाज एकदा झाला, पाठ उचलून कुणी उभं राहावं तसा. नंतर शांत.

निशा वळली. आई कॉटवर उताणी होती आणि तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू होतं. ती निशाकडं बघत नव्हती. निशाच्या जरा शेजारी, दाराच्या आतल्या बाजूला बघत होती.

"या," पारूबाई कोरड्या तोंडानं म्हणाली. "बसा."

निशा पळत आत गेली. पान ताजं केलं. परत एकदा केलं. दोन्ही वेळा तेच आलं, उणे पन्नास.

ती रात्र तिनं आईच्या कॉटला पाठ टेकून फरशीवर बसून काढली. तिला कुणीही दिसलं नाही. एवढंच की कॉटच्या पायथ्याशी, जिथं जागा मोकळी होती, तिथं तिला पाय लांब करावेसे वाटले नाहीत.

६

शुक्रवारी अकराला फोन आला. निशा आतल्या खोलीत टेबलाशी होती. मोबाइल स्पीकरवर ठेवला. कंपनीला तिच्या राउटरची यादी पुण्यातनं दिसायची, तशी परवानगी घेतलेली होती.

"वा, निशाताई," राजनंदिनी म्हणाली. "डब्ल्यूपीए थ्री केलंत. नाव लपवलंत. फारच चांगलं. पण दोन यंत्रं दिसतायत हो."

"मॅडम, ते..."

"एक उणे तीसवर आहे, ते तुमचं. दुसरं उणे पन्नास, नाव नाही. घरात कुणी आहे का दुसरं?"

पुढच्या खोलीतनं आवाज आला. पाणी पडण्याचा. नळाचा नाही, सांडल्याचा नाही. उंचावरनं बारीक धार पडते आणि मध्येच हातावर अडते, तो. निशाला तो आवाज सात वर्षांची असल्यापासून माहीत होता. तिचा गाल तापला.

"आई आहे," ती म्हणाली.

"मग तिचा फोन असेल. तुम्ही स्वतः ब्लॉक करा, मी इथून बघते. झालं की तपासणी संपली."

यादीत दोन ओळी होत्या. वरची तिची, नाव असलेली. खालची कोरी. निशानं बाण खालच्या ओळीवर नेला. शून्यं नीट मोजली, बारा. आपण खालच्याच ओळीवर आहोत हे तिनं दोनदा बघितलं. मग दाबलं.

लॅपटॉपच्या कोपऱ्यातली नेटची खूण विझली. पडद्यावर एक चौकोन आला आणि त्यात लिहिलं होतं, पासवर्ड टाका.

"गेलं बघा," मोबाइलमधनं राजनंदिनीचा आवाज आला. "आता एकच राहिलं. अभिनंदन, निशाताई. पुण्याला यायची गरज नाही. घरूनच चालू द्या काम, आईंना जपा."

"मॅडम, थांबा. माझंच गेलं. माझा लॅपटॉप..."

फोन तिकडनं बंद झाला होता. निशानं कागदावर उतरलेला पासवर्ड एक एक अक्षर बघून टाकला. चूक. परत टाकला. चूक. पुढच्या खोलीत धार अजून पडत होती.

मोबाइल मुठीत धरून ती उठून मधल्या दारात आली.

आठ महिने जी बाई धरल्याशिवाय बसली नव्हती, ती पारूबाई कॉटवरनं पाय सोडून ताठ बसली होती. दोन्ही हात तोंडाशी, ओंजळ घट्ट धरलेली. ती पीत होती. गळा वरखाली होत होता, कोपरांवरनं पाणी ओघळून लुगड्यात मुरत होतं. या घरात आजवर कुणी असं पाणी प्यायलं नव्हतं. ओंजळीत धार पडत होती, वरनं, हातभर उंचीवरनं, हाताला हात लागू नये अशी. निशाची नजर धारेवरनं वर चढली. एक मनगट दिसलं. कोरडं, भेगा पडलेलं, आणि त्यावर घड्याळाचा पांढरा पट्टा उमटलेला, अगदी निशाच्या मनगटावर होता तसा. त्याच्या वर तिनं बघितलं नाही.

"आई," ती म्हणाली.

पारूबाईनं ओंजळ खाली घेतली. ओल्या तोंडानं तिच्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, ओळखही नव्हती. पायरीवर कुणी आलं की आई ज्या मायेनं बघायची, तेवढीच माया होती.

"उन्हातनं आलासा व्हय, पावणं?" ती म्हणाली. "आत नगा येऊ. भाईर पायरीवर बसा. मिळंल पाणी."

"आई, मी निशा."

"निशा हाय की हितं," पारूबाई म्हणाली, आणि तिनं परत ओंजळ वर धरली.

दाराची कडी निघालेली होती, अडसर बाजूला ठेवलेला. निशा बाहेर कशी गेली, ते तिला नंतर आठवेना. आपण चाललो एवढंच तिला कळलं, कुणी सांगितल्यावर माणूस चालतो तसं. मागं दार लागलं. वरची कडी बसली, मग खालचा अडसर.

पायरी तापलेली होती. माठाचा गोल वाळून गेला होता. मुठीतल्या मोबाइलवर तिनंच लपवलेलं 'या बसा' आपोआप दिसलं, शेजारी कुलूप. तिनं पहिली शिवी टाकून बघितली, दुसरी, मग सगळ्या. समोरनं गेलेल्या रिक्षावाल्यानं तिच्याकडं बघितलं आणि तसाच पुढं गेला, खांबाकडं बघावं तसा. तिनं ओरडायला तोंड उघडलं. राग शोधला, तो कुठंच नव्हता. चार दिवस तिला ज्यानं उभं ठेवलं होतं तेच आत राहिलं होतं. उरली होती ती तहान, आणि ती कधीपासूनची होती ते तिला सांगता आलं नसतं.

आत आई कुणाशी तरी बोलत होती. मध्येच हसली. मग फळीवरनं ग्लास उचलल्याचा आवाज आला, की माठ सुलटा केल्याचा. पावलं दाराकडं येऊ लागली.

निशाला मागायचं होतं, पण मागता येईना. तिनं खाली बघितलं, तर तिचे हात एकमेकांना जुळून आले होते, करंगळीला करंगळी. तिनं ते तसेच धरून ठेवले. ग्लास येतो की वरनं धार, एवढंच आता बघायचं होतं.